मंजू म्हशीचं टायटल साँग

*सिच्युएशन: हिरो आणि हिरोईन पहिल्यांदा भेटतात. पाऊस नाही. वारा आहे, पण तो जीपच्या तुटक्या काचेतून येतो.*

शेलूबाजारच्या चौकात लालसिंगची जीप भरली होती. भरली म्हणजे अजून तीन-चार जण बसणार होते. मी मधल्या सीटवर, मांडीवर बर्फाची पेटी. मुंबईच्या ट्रॅव्हल्समधून उतरलेला एक जण जीपच्या दारात येऊन उभा राहिला. झोपेने केस एका बाजूने चपटे झालेले, पाठीवर लांबलचक काळी पेटी.

"भाऊ, ते टपावर टाका," लालसिंग म्हणाला.

"टपावर नाई जमत. फुटते."

"हाये काय त्यात?"

"गिटार."

"मंग तिची सीट पडन. वेगळी."

"मंग ह्या ताईच्या पेटीची काहून नाई पडत?"

मी वळून पाहिलं. "मी मांडीवर घेतली म्हून," मी म्हणाले. "तुमी घ्या मांडीवर."

त्याने खरंच घेतली. माझ्याच शेजारी बसून. पेटीची मान तिरपी होऊन आम्हा दोघांच्या मधे आली, आणि मानोऱ्यापर्यंत मला त्याचा फक्त एक डोळा दिसत राहिला. डोळा बरा होता.

"तुमच्या पेटीत काय हाये?" डोळ्याने विचारलं.

"लस."

"कशाची?"

"गुरांची. तुमाले नाई लागत."

"तपासल्याशिवाय कसं सांगता?"

मी खिडकीबाहेर बघितलं. तुरी फुलावर आल्या होत्या. हसू आलं तर ते तुरीकडे बघून आलं, असं दाखवता येतं.

लालसिंगने मोबाईलवर गाणं लावलं. 'पावणेनऊची गाडी' या पिक्चरचं टायटल साँग. आमच्याकडे ते लग्नात, बारशात, निवडणुकीत, सगळीकडे वाजलेलं आहे. जीपमधली निम्मी माणसं गुणगुणायला लागली. मीही. शेजारचा एकटा गप्प, आणि त्याचा दिसणारा कान लाल.

"हे माह्यं हाये," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"गानं."

"हो का. आनि ही जीप माह्यी हाये."

लालसिंग आरशातून म्हणाला, "ताई, मंग हप्ता भरून टाका."

मानोऱ्याला उतरताना त्याने पेटी पाठीवर टाकली. आता दोन्ही डोळे दिसले. "परत कुठी भेट होईन?"

"गुरांच्या दवाखान्यात. पन जनावर घेऊन या लागते."

हे मी सहज म्हणाले होते. म्हणजे… बऱ्यापैकी सहज.

*

*सिच्युएशन: हिरो कोण आहे ते प्रेक्षकांना कळतं. हिरोईनला जरा उशिरा.*

तो शेळी घेऊन आला. बहिणीच्या शेजाऱ्यांची.

त्याची बहीण, रत्नमालाताई, मानोऱ्यात शिक्षिका आहे. मी तालुक्यातल्या एका गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. नाव धम्मदीपा. लोक डॉक्टरीणबाई म्हणतात. पहिल्या वर्षी मी दुरुस्त करत होते, आता ओ देते.

"काय होते शेळीले?"

"उदास राह्यते."

मी शेळीचं तोंड उघडलं, पोट दाबलं, ताप पाहिला. शेळीने माझ्या टेबलावरचा कागद खाल्ला.

"शेळी ठनठनीत हाये."

"नीट पाहा ना. आतून उदास असन."

दोन दिवसांनी तीच शेळी पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. तिसऱ्या खेपेला शेळी स्वतःच ओट्यावर चढून बसली.

एव्हाना मला कळलं होतं की गाणं खरंच त्याचं आहे. रत्नमालाताईंनी सांगितलं, आणि मला जीपमधला तो 'हप्ता' आठवून घाम फुटला.

त्याचं नाव उत्कर्ष. घर रिठदचं. त्याच्या वडिलांची, जानरावांची, गायन पार्टी होती. चौदा एप्रिलला गावोगाव बोलावणं यायचं. जानराव बाजाची पेटी वाजवत गायचे आणि उत्कर्ष मागे कोरसमध्ये टाळ्या धरायचा. तो म्हणतो, लहानपणी कोरसमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला पुढे यायची सवय लागत नाही. पुण्याला शिकायला गेला. गिटार शिकला, बाकीचं शिकायचं राहिलं. कॅफेत गायचा. माणसं बोलत बसलेली असायची, त्यांच्या बोलण्याच्या खालून गायचा. त्याला सॉफ्ट रॉक म्हणतात. लालसिंगने एकदा विचारलं होतं, "रॉकमंदी त बोंबलतेत ना?" तर म्हणे, "सॉफ्टमंदी नाई बोंबलत."

त्या कॅफेत विकास नावाच्या दिग्दर्शकाने त्याला ऐकलं. 'पावणेनऊची गाडी' थिएटरात आठवडाभर चालला असेल, टायटल साँग अजून चाललंय. मग 'तिसरी खिडकी'. मग पिक्चरवाले म्हणायला लागले, टायटलला उत्कर्षचा आवाज घ्या, पुढे पिक्चर कसाही असू दे. लिहायचं त्याने, चाल त्याची, गायचं त्याने. पण टायटल साँग वाजतं तेव्हा पडद्यावर नावं सरकत असतात, आणि लोक हातात पॉपकॉर्न घेऊन अंधारात आपली जागा शोधत असतात. त्याचं नाव येऊन जातं. वाचलेलं कोणी भेटलं नाही.

आता तिसरा पिक्चर होता, 'कोरडा ढग'. टायटल साँग होत नव्हतं, म्हणून तो मानोऱ्याला येऊन शेळी हिंडवत होता.

"होत काहून नाई?" मी विचारलं.

"सिच्युएशन बसून नाई राह्यली. विकास म्हणते, हिरो हिरोईनकडे पाहते आनि त्याले समजते. पन काय समजते ते तो सांगतच नाई. मले सिच्युएशनशिवाय येत नाई बाप्पा. कोनी सांगतलं, का बाबा हे दोघं असे असे हायेत, तवा मले सुचते."

"उद्या तांड्यावर लसीकरन हाये," मी म्हणाले. "जनावर धरायले माणूस कमी पडते. ही सिच्युएशन हाये. जमते का?"

"गिटार आनू?"

"दोर आन."

*

*सिच्युएशन: गाणं सुचतं. हिरोईनला पत्ता नाही.*

तांड्यावरची माणसं ऊसतोडीला गेलेली. घरं कुलपात, जनावरं म्हाताऱ्यांकडे. भुरीबाईची पोरंही गेली होती आणि तिच्या गळ्यात मंजू पडली होती. मंजू म्हणजे म्हैस. तालुक्यात मंजूला सगळे ओळखतात, कारण तिने कुणाचा ना कुणाचा दोर तोडलेला आहे.

"डॉक्टरीनबाई, आज हे ऐकणार नाई," भुरीबाई म्हणाली. "सकायपासून डोये फिरवून राह्यली."

मंजूला मधोमध घेतलं. उत्कर्ष दोर धरून उभा होता, म्हणजे दोराच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथून पळायला सोपं. मी मंजूच्या मानेवर हलकी थाप मारली. मारत राहिले. सुई अशीच द्यायची असते. थाप, थाप, थाप, आणि त्यातलीच एक थाप सुईची. जनावराला कळेपर्यंत काम झालेलं असतं. आणि तोंडाने मी जे नेहमी म्हणते ते म्हणाले.

"झालं माय, झालं… एवढंच होतं."

मंजूने एक सुस्कारा सोडला. कान खाली. उभी राहिली.

मी मान वर केली तर उत्कर्ष माझ्याकडे बघत होता. दोर हातातून सुटलेला, त्याचं त्याला माहीत नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"पुन्हा म्हन."

"काय?"

"म्हशीले जे म्हटलं ते."

"ते म्हशीले म्हनायचं असते."

दिवसभर तो माझ्या मागे फिरला. बैलाला, गाईला, वगारीला मी जे जे म्हणत होते ते ऐकत होता. शेवटी शेवटी त्याने दोर नीट धरला. मी त्याच्या हातावर कानात मारायचा एक पिवळा बिल्ला ठेवला. एका गाईचा कान आधीच फाटलेला होता, म्हणून तो उरला होता.

"हे कायले?"

"आज काम केलं म्हून. हरवलास त सापडशीन."

गिटार त्याने आणलीच होती, जीपमध्ये. बिल्ला तिच्या पेटीच्या पट्ट्याला लावला. लालसिंगने परतताना विचारलं, "भाऊ, हिचं लसीकरन झालं वाटते?"

*

*सिच्युएशन: दवाखान्याचा ओटा, संध्याकाळ. फक्त संवाद. कॅमेरा शेळीवर.*

"चाल पाठवल्यावर विकास काय म्हणते?"

"आवडली त फोन करते."

"नाई आवडली त?"

"काहीच नाई म्हणत. आमच्या धंद्यात 'नाई' असं कोनीच म्हणत नाई. नुसते चूप राह्यतेत. चार-आठ दिवस चूप राह्यले का समजायचं, नापसंत."

"मंग त्या चालीचं काय?"

"मोकळी झाली. दुसऱ्याले द्यायची. 'तिसरी खिडकी'चं गानं आधी एका चपलेच्या जाहिरातीसाठी होतं."

"अरे देवा."

"तुमच्या धंद्यात कसं असते?"

"उलटं असते. जनावर नाचून राह्यलं म्हंजे नाई म्हनून राह्यलं. चूप उभं राह्यलं म्हंजे तयार झालं."

"आनि माणूस?"

"मले माणसाचं शिकवलं नाई."

"…"

"काय पाहतं?"

"सिच्युएशन."

"शेळी तुह्या बुटाची लेस खाऊन राह्यली."

*

*सिच्युएशन: हिरो मुंबईत. मोबाईलचा आवाज.*

थंडी कमी व्हायला लागली तेव्हा तो गेला. गेल्यावर काही दिवसांनी त्याचा आवाज आला. रेकॉर्ड करून पाठवलेला. आधी खोकला, मग खुर्ची सरकवल्याचा आवाज, मग:

"दीपा… हे कोनत्या पिक्चरचं नाई. सिच्युएशन कोनी सांगतली नाई. हे तुह्यं हाये. ऐक."

गिटार. फार नाही, दोन-तीन सूर, मानेवर थाप मारावी तसे.

*झालं दीपे झालं, एवढंच होतं,*
*भ्यायचं जे होतं ते एवढंच होतं…*

मी ते शेलूबाजारला आमच्या घराच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे उभी राहून ऐकलं. पुन्हा ऐकलं. आईने खालून विचारलं, चादरी वाळल्या का? मी म्हणाले, नाही. वाळल्या होत्या.

मी उत्तर दिलं नाही.

हे सांगायला सोपं नाही, पण साधं आहे. आमच्या घरात अशा गोष्टी फोनवर सांगत नाहीत. माणूस समोर बसतो, त्याच्यापुढे चहा ठेवतात, त्याच्या तोंडाकडे बघून हो किंवा नाही म्हणतात. महिन्याच्या शेवटी तो रत्नमालाताईंकडे येणार होता. मी काय नेसायचं ते ठरवलं होतं. काय बोलायचं तेही. मी गप्प होते, कारण मी तयार होते.

तो महिन्याच्या शेवटी आला नाही. काम आहे, म्हणाला. आवाज बारीक होता. मला वाटलं, सर्दी असेल.

*

*सिच्युएशन: हिरोईनला कळतं.*

पुन्हा लालसिंगची जीप. मोबाईल पुढे काचेला टेकवलेला. 'कोरडा ढग'चा ट्रेलर. गव्हाच्या शेतातून एक गोरी मुलगी धावत येते, ओढणी उडते, आणि गाणं सुरू होतं.

*झालं सये झालं, एवढंच होतं…*

माझ्या नावाच्या जागी 'सये' बसवलं होतं. चालीत बसलंही होतं.

"काय मस्त गानं हाये वो ताई," लालसिंग म्हणाला. "आपल्या त्या गिटारवाल्या भाऊचं हाये म्हणतेत!"

मी मंगरूळपीरला उतरले. मला मानोऱ्याला जायचं होतं, तरी उतरले. स्टँडच्या मागे जाऊन फोन लावला.

"ते माह्यं होतं," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "तू काहीच नाई बोलली."

"मंग?"

"दोन आठवडे वाट पाह्यली. मले वाटलं…"

"काय वाटलं?"

"नापसंत."

"मी काय डायरेक्टर हाये का, उत्कर्ष?"

तिकडे कोणीतरी ड्रम ठोकत होतं. त्याने दार लावलं. ड्रम बंद झाला.

"विकासनं चाल ऐकली. पिक्चर अडकून होता, तारीख लागली होती. मी म्हटलं, जिले देली तिले नाई पाहिजे, त पडून कायले राह्यते. आमच्याकडे असंच…"

"तुमच्याकडे. माह्याकडे काय असते ते सांगतलं होतं तुले. ओट्यावर."

"जनावराचं सांगतलं होतं."

"माणसाचं तूच इचारलं होतं ना?"

तो म्हणाला, "मी आता काय करू? सांग. काय करू मी?"

"काही नोको करू. तू काही केलं का त्याचं गानं होते, आनि गान्याचा पिक्चर होते. काही करूच नोको."

मी फोन ठेवला. पुढच्या जीपला उशीर होता. स्टँडवरच्या टपरीत तेच गाणं लागलं. मी चहा न घेता निघाले.

*

*सिच्युएशन: हिट.*

गाणं गाजलं. त्याची आधीची दोन्ही गाणी मिळून जेवढी गाजली नसतील तेवढं.

मी गुरांना ते म्हणायचं बंद केलं. बंद करावं लागलं. 'झालं माय, झालं' म्हटलं की मागे रांगेतल्या बाया पुढची ओळ गाऊन मोकळ्या व्हायच्या आणि हसत सुटायच्या. "डॉक्टरीनबाई पिक्चर पाहून आल्या वाटते!" मी कुणाकुणाला सांगणार, की पिक्चर मला पाहून आला?

गप्प सुई द्यायला लागले. थाप तीच, हात तोच. पण जनावरं बिचकायला लागली. एका गोऱ्ह्याने लाथ मारून बर्फाची पेटी उलटवली. झाकणाचं बिजागर तुटलं, तेव्हापासून पेटी दोरीने बांधून नेते. मला उत्कर्षचा राग गाण्यापेक्षा यासाठी जास्त आला. माझ्या नावाचं गाणं गेलं, ठीक. पण माझं कामातलं बोलणं गेलं. ते कुठून आणायचं?

त्याचे फोन आले नाहीत. काही करू नको म्हटलं होतं, तर तो खरंच काही करत नव्हता. याचाही राग आला.

एप्रिलच्या शेवटी रत्नमालाताई दवाखान्यात आल्या. शेळीशिवाय.

"हे पाह्य," त्यांनी मोबाईल पुढे केला. "पाहून घे. मंग शिव्या दे, मी बी देतो."

मुलाखत होती. उत्कर्ष एका पिवळ्या सोफ्यावर, हात कुठे ठेवायचे ते न कळून गुडघ्यांत दाबलेले. मुलाखत घेणारी मुलगी छान हसत होती.

"आज सगळ्यांच्या ओठांवर असलेली ही ओळ तुम्हाला सुचली कशी?"

"मला नाही सुचली," तो म्हणाला. "चाल माझी आहे. ओळ दुसऱ्या माणसाची आहे."

"अरे वा! कोणाची?"

"ते सांगणार नाही."

"का? आमच्या प्रेक्षकांना—"

"विचारून घ्यायचं राहिलं होतं. आता नाव सांगितलं तर तेही न विचारताच होईल."

मुलगी हसायची थांबली आणि मग तिने आवडती डिश विचारली.

मी फोन ताईंना परत दिला.

"देऊ शिव्या?" त्यांनी विचारलं.

"नोको," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात तांड्यावर दुसरी फेरी हाये. जनावर धरायले माणूस कमी पडते. एवढं त्याले सांगा. दुसरं काही नोको सांगू."

"आनि गिटार?"

"दोर म्हना. त्याले समजते."

*

*सिच्युएशन: *

लाळ-खुरकुताची लस सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. एकदा देऊन भागत नाही.

मे महिन्यात तांडा भरलेला होता. ऊसतोडीची माणसं परत आली होती, घरांची कुलपं निघाली होती, दोन ठिकाणी लग्नाचे मांडव पडले होते. रांगेत बाया, जनावरं, आरडाओरडा. लालसिंगची जीप धूळ उडवत आली आणि पुढच्या सीटवरून उत्कर्ष उतरला. हातात दोर. त्या दोराला पिवळा बिल्ला बांधलेला.

"आज पेटी नाई," लालसिंग ओरडून म्हणाला, "म्हून पुढची सीट देली!"

मी लस सिरिंजमध्ये भरत होते. वर बघितलं नाही. "मंजूले धर," म्हणाले. "म्होरकीले धर, दोन्ही हातानं. दोराच्या टोकाले नाई."

त्याने धरलं. मंजूच्या तोंडाशी तोंड, दोन्ही हात तिच्या तोंडाभोवतीच्या दोरीत, म्होरकीत, गुंतलेले. भुरीबाई बाजूला कमरेवर हात ठेवून.

"मी बोलू का?" त्याने विचारलं.

"हात नोको सोडू. बोल."

"मले—"

"चालीत नोको."

"चाल नाई हाये." मंजू फुसफुसली. "मले तू पाहिजे. मले बोलता नाई येत, तुले माहीत हाये. कोनी दुसऱ्याचं सांगतलं का येते. हे माह्यं हाये, म्हून असं… अडकून राह्यलं. तू आज सांग, नाई त साल लागू दे. तू चूप राह्यली त मी समजन का तू चूप हायेस. नापसंत नाई समजनार. आनि हे कोनाले देता बी येत नाई, कारन ह्याले चालच नाई हाये." तो थांबला. त्याचा चेहरा विचित्र झाला होता, डोळ्यांत पाणी.

"एवढं रडायले काय झालं?"

"तिचा पाय माह्या पायावर हाये."

"कवापासून?"

"'मले तू'पासून."

भुरीबाईने मंजूच्या मांडीवर चापट मारली. मंजूने पाय उचलला, सावकाश, उपकार केल्यासारखा. त्याने म्होरकी सोडली नव्हती.

"तवा उत्तर काय होतं?" त्याने खालच्या आवाजात विचारलं. "तवाचं?"

"हो होतं," मी म्हणाले. "साडी बी काढून ठेवली होती."

त्याने डोळे मिटले. मी मंजूच्या मानेवर थाप मारली. थाप, थाप. मंजूची कातडी थरथरली, तिने डोकं झटकलं, तो तिच्याबरोबर हेलपाटला आणि परत उभा राहिला. थाप. सुई. आणि ते आपसूक आलं माझ्या तोंडून, सवयीचं होतं, माझं होतं.

"झालं माय, झालं… एवढंच होतं."

मागच्या रांगेने पुढची ओळ उचलली. एकीने सुरू केली, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. हसत नव्हत्या या वेळी, नुसत्या गात होत्या. काही बेसूर, काही आपल्याच चालीत.

उत्कर्षचे कान लाल झाले. "ह्याहीले चूप बसवू का?"

"गाऊ दे," मी म्हणाले. "मंजू उभी राह्यली, पाह्य."

मंजू उभी होती. कान खाली, डोळे अर्धे मिटलेले. तिच्या मागची गाय उभी होती. तिच्या मागचा बैलही. पूर्ण रांग उभी होती. मला सहा महिन्यांत एवढी शांत रांग मिळाली नव्हती.

मी सिरिंज ठेवली. मंजूच्या शिंगाच्या या बाजूने वाकले आणि त्या सगळ्या गाण्याच्या खालून त्याच्या कानात बोलले.

काय बोलले ते इथे लिहीत नाही. पहिल्यापासूनचं सगळं सांगितलं आहे, शेळीचंही सांगितलं. एवढं राहू द्या.

गाणं संपलं. भुरीबाईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अवो बाई, काय सांगतलं ह्याले? ह्यो त मंजूपेक्षा चूप झाला."

"टोचून देलं," मी म्हणाले.

"मंग म्हैस सोड म्हना त्याले. तिचं झालं कवाचंच."

त्याने सोडली नाही. मलाच त्याची बोटं एकेक करून म्होरकीतून काढावी लागली. मग मी पेटीची दोरी सोडली, दुसरी बाटली काढली आणि म्हणाले, "पुढचं जनावर आना."